अनोळखी माणसाची छोटी मदत : आपण नेमके कुठे अडतो?

शनिवारपेठी

पुण्यात दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी आलेला असतो. सिग्नल सुटतो, आपण घाईने निघतो आणि मागून एखादे गृहस्थ सारखा हॉर्न वाजवत, गाडी रेटत आपल्या शेजारी येतात. आता भांडणच होणार अशा तयारीने आपण मान वळवावी, तर ते आपल्या पायाकडे बोट दाखवून 'स्टँड, स्टँड!' एवढेच ओरडतात आणि पुढच्या वळणाला दिसेनासे होतात. कोणाची ओढणी चाकाकडे लोंबत असली, तरी हेच घडते. त्या माणसाचे आभार मानायला सवड मिळत नाही आणि त्याचीही तशी अपेक्षा नसते.

याच शहरात बँकेतल्या खिडकीपाशी पैसे काढण्याची पावती हातात घेऊन, ती कोणाकडून भरून घ्यावी अशा विचारात एखाद्या आजी उभ्या असतात, आणि रांगेतले सगळे मोबाइलमध्ये डोके घालून असतात. माणसे तीच, शहर तेच. मग एका ठिकाणी आपण पाठलाग करून मदत करतो आणि दुसऱ्या ठिकाणी चार पावलेही पुढे होत नाही, असे का?

माझ्या मते याचे कारण निष्ठुरपणा नसून संकोच आहे. 'त्यांना राग आला तर?', 'आगाऊपणा वाटला तर?', 'एवढ्याशा गोष्टीने त्यांना काय फरक पडणार?' असे प्रश्न मनात येतात आणि तेवढ्यात वेळ निघून जाते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातील एक प्रयोग या संदर्भात वाचण्यासारखा आहे. शिकागोतील बर्फावर स्केटिंग करण्याच्या मैदानापाशी त्यांनी लोकांकरवी अनोळखी माणसांना गरम चॉकलेटचा पेला देवविला. समोरच्याला किती बरे वाटेल याचा अंदाज आधी देणाऱ्यांना विचारला होता. प्रत्यक्षात घेणाऱ्यांना त्याहून बरेच अधिक बरे वाटले. देणारा पेल्याची किंमत मोजत होता, घेणाऱ्यापर्यंत मात्र त्यामागची आपुलकीही पोहोचत होती.

आपले अनुभव अवश्य लिहावेत, परंतु मदत कशी झाली, कोणत्या शब्दांत विचारली गेली, आपण का थांबलो किंवा का थांबलो नाही, याबद्दल लिहिल्यास चर्चेला अर्थ येईल. शेवटी मदत करणारा साधा माणूस कंपनीचा मालक निघतो, अशा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या गोष्टी कृपया येथे नकोत.

नळस्टॉपकर

स्टँडच्या जोडीला पेट्रोल संपलेल्या गाडीचेही उदाहरण घ्यावे. कर्वे रस्त्यावर कोणी घामाघूम होऊन गाडी ढकलत असेल, तर फार वेळ जात नाही. मागून एकजण येतो, वेग कमी करतो, 'पेट्रोल का? बसा गाडीवर' म्हणतो आणि आपला एक पाय त्या गाडीच्या मागच्या फूटरेस्टवर टेकवून दोन्ही गाड्या पंपापर्यंत नेतो. वाटेत संभाषण एवढेच होते: 'न्यूट्रल आहे ना? हँडल सरळ धरा. ब्रेक मारायच्या आधी सांगा.' पंप आला की तो पाय काढून घेतो आणि थेट निघून जातो. हा प्रकार धोक्याचा आहे आणि वाहतूक पोलिसांना मान्य होणारा नाही, हे मला ठाऊक आहे. त्यावरून येथे वाद नको.

मला यात दिसते ते असे, की इथे अडचण लांबूनच वाचता येते. काय झाले आहे हे विचारावे लागत नाही, काय करायचे आहे हे ठरलेले आहे आणि मदत कुठे संपणार हेही ठरलेले आहे. बँकेतल्या आजींना मदत करायला गेले, तर पावती भरून झाल्यावर पासबुकाची नोंद, मग केवायसी, मग मुलाला फोन, असे काय काय निघेल याचा अंदाज नसतो. माणूस मदतीला तितका घाबरत नाही, जितका तिच्या न दिसणाऱ्या शेवटाला घाबरतो.

तिरकस

धागाकर्त्यांचा पुणेकरांवरील लोभ पाहून भरून आले. परंतु 'स्टँड, स्टँड' ओरडणे हे परोपकारात कितपत मोडते, याविषयी मी साशंक आहे. समोरच्याचे काहीतरी चुकते आहे आणि ते त्याला ताबडतोब सांगता येते, असा दुहेरी आनंद त्यात आहे, आणि या आनंदासाठी आम्ही पुणेकर पेट्रोलही जाळतो.

संकोचाचा मुद्दाही मला अपुरा वाटतो. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. प्रिन्स्टन येथे धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन भाषण करायला सांगितले. वाटेत एक माणूस दारापाशी खोकत, कण्हत पडलेला असेल, अशी व्यवस्था केलेली होती. काहींना 'वेळ आहे' असे सांगितले होते, काहींना 'तुम्हाला उशीर झालाच आहे' असे. निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले. फार घाईत असलेल्यांपैकी १० टक्के. गंमत अशी, की यांतील निम्म्यांच्या भाषणाचा विषय वाटेत जखमी होऊन पडलेल्या माणसाला मदत करणाऱ्या शोमरोन्याची बायबलमधील कथा हाच होता, आणि त्या विषयामुळे थांबण्याचे प्रमाण लक्षणीय बदलले नाही. विद्यार्थी चाळीसच होते, तेव्हा टक्केवारीला देव मानू नये. तरीही विद्यापीठ चौकात सकाळी साडेनऊला उभे राहिल्यास या प्रयोगाचा पडताळा कोणालाही घेता येईल.

दुसरे असे, की पदपथ धड नसल्यामुळे आजींना रस्त्यातून चालावे लागते आणि मग आपण त्यांचा हात धरून त्यांना पलीकडे नेतो. हात धरणाऱ्याचे कौतुक जरूर करावे, पण त्या कौतुकाच्या भरात पदपथाचा विषय निघतच नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

शनिवारपेठी

तिरकस, घाईचा मुद्दा मान्य आहे आणि तो माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही. घाईत असलेल्या माणसाला संकोचाचे निमित्त आयतेच मिळते. पदपथाचा विषय मात्र आपण काढलातच, तर तो पुढे न्यावा. मला त्यात काही विरोध दिसत नाही. हात धरणाराच उद्या महापालिकेकडे तक्रार करील, अशी शक्यता न धरणाऱ्यापेक्षा अधिक आहे.

सुधा_गो

मदत कोणत्या शब्दांत विचारावी, याबद्दल लिहिते. काही वर्षांपूर्वी माझे यजमान शहरातील एका मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात होते आणि आम्ही नातेवाईक बाहेरच्या बाकांवर रात्री काढत होतो. तिथे इंदापूरकडच्या एक बाई होत्या. त्यांचे दीर आत होते. त्या मुक्कामाला सरावलेल्या होत्या आणि आम्ही नवखे.

'काही मदत हवी का?' असे त्यांनी कोणालाही विचारल्याचे मला आठवत नाही. तसे विचारले की पांढरपेशा माणूस 'नको, नको, आहे सगळं' असे म्हणतोच, हे त्यांनी ओळखले असावे. त्या म्हणत, 'मी खाली औषधाच्या दुकानात चाललेच आहे, तुमची चिठ्ठी द्या.' किंवा, 'मला काही झोप यायची नाही, तुम्ही जरा आडव्या व्हा. नाव पुकारलं की उठवते.' भिंतीवर मोबाइल चार्ज करायला एकच जागा होती, म्हणून त्यांनी गावाहून येताना चार खटक्यांचा बोर्ड आणला होता आणि तो सगळ्यांसाठी लावून ठेवला होता. अनामत रक्कम भरल्यावर कोणत्या खिडकीवर शिक्का घ्यायचा आणि तो न घेतल्यास रक्त आणताना कसा हेलपाटा पडतो, हे त्या प्रत्येक नव्या कुटुंबाला न कंटाळता सांगत. रुग्णालयाने ते एका फलकावर लिहिले असते, तरी काम झाले असते. तिरकस यांचा मुद्दा इथे लागू पडतो.

त्यांच्याकडून मी शिकले ते हे, की मदत आपल्याच कामाच्या पोटात घालून द्यावी. 'चाललेच आहे' या दोन शब्दांनी घेणाऱ्याच्या मानेवरचा उपकाराचा भार निघून जातो. मी आता डब्याबरोबर एक जास्तीची पोळीभाजी नेते आणि 'उरली तर परत न्यावी लागेल' अशी कुरकुर करत देते. कोणीही नाही म्हणत नाही.

मुठाकाठ

चर्चा चांगली चालली आहे. यात इतिहासाची थोडी भर घालतो, कारण 'अनोळखी' कोणाला म्हणायचे हे या शहरात नेहमीच सरळ नव्हते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरले. त्या पिढीतील माणसांकडून ऐकलेल्या हकिकतींत एक गोष्ट वारंवार येते: उंचावरच्या घरांनी त्या दिवसांत दारे उघडी ठेवली. ओटीवर अंथरुणे पडली, अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्यांना घरातली लुगडी, धोतरे दिली गेली, शाळांच्या वर्गांत संसार थाटले गेले. पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहतींत पूरग्रस्तांचे पुनर्वसन झाले ते सरकारी यंत्रणेने; ते ओटीवरच्या मायेने होणारे काम नव्हते. परंतु पहिली रात्र यंत्रणेच्या हातात नसते, ती शेजारच्या आळीतल्या अपरिचितांच्याच हातात असते.

आता दुसरी बाजू. गरीब विद्यार्थ्यांना माधुकरी घालणे, वार लावून जेवू घालणे, ही पुण्याची जुनी रीत अभिमानाने सांगितली जाते. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची मुलेही माधुकरी मागत. या अन्नावर कितीतरी मुले शिकली, हे खरेच. पण झोळी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या मुलाची जात आधी पाहिली जात असे, हेही तितकेच खरे. ज्याला त्या दारापर्यंत येण्याचीच मुभा नव्हती, तो मुलगा या आठवणींत कुठेही दिसत नाही. म्हणूनच १८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला, त्याला मी मोठी गोष्ट मानतो. तहानलेल्याला पाणी देणे ही जगातली सर्वांत छोटी मदत. पण कोणत्या तहानलेल्याला, हा प्रश्न आला की तीच बंडखोरी ठरते.

त्याच धाग्यातले पुढचे उदाहरण म्हणजे हमाल पंचायतीने १९७४ मध्ये सुरू केलेले 'कष्टाची भाकर' केंद्र. तिथे कोणी कोणाला जेवू घालत नाही. ना नफा ना तोटा या तत्त्वावर स्वस्तात चांगले अन्न मिळते आणि हमाल, रिक्षावाले, गावाकडून कामासाठी आलेले लोक पैसे मोजून जेवतात. सुधाताईंच्या 'चाललेच आहे'मध्ये जी घेणाऱ्याच्या मानाची जपणूक आहे, ती इथे व्यवस्थेतच बांधलेली आहे. तिरकस यांनी याचाही विचार करावा.

सदाशिवातला_पाहुणा

मी लातूर जिल्ह्यातून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी आलेलो आहे, त्यामुळे मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. आमच्या अभ्यासिकेजवळ एक झेरॉक्सचे दुकान आहे. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तिथे गर्दी मावत नाही. माझ्या पुढचा मुलगा प्रवेशपत्राची प्रत घेऊन निघाला होता. दुकानदारांनी त्याला परत बोलावले आणि म्हणाले, 'फोटो काळा आला आहे, ओळख पटणार नाही, थांब.' त्यांनी मशीनची शाई हलकी केली, पुन्हा प्रत काढली, ओळखपत्राचीही एक प्रत जोडून स्टेपल मारली. त्याने पैसे विचारले तेव्हा त्यांनी 'दोन रुपये' म्हणून सांगितले, म्हणजे एकाच प्रतीचे. बाकीचे फुकट असे ते म्हणालेच नाहीत. ते म्हणाले असते, तर तो मुलगा सगळ्यांसमोर ओशाळला असता.

आम्हा बाहेरून आलेल्यांना दयेची सवय आहे आणि तिचा कंटाळाही आहे. खोली शोधताना आडनाव विचारून 'कळवतो' म्हणणारे घरमालक आणि गणेशोत्सवात आग्रहाने प्रसादाचे ताट देणारे हात, हे कधीकधी एकाच सोसायटीत भेटतात. मुठाकाठ यांनी जे लिहिले, ते केवळ इतिहासात जमा झालेले नाही.

रात्रपाळी

एक अडचण मांडते. मी रात्री उशिरा कामावरून घरी येते. गाडी पंक्चर झाली आणि अनोळखी पुरुष मदतीला थांबला, तर माझी पहिली भावना कृतज्ञतेची नसते, भीतीची असते, आणि या भीतीबद्दल मला कोणी संकोचाचे किंवा चांगुलपणाचे पाठ देऊ नयेत. थांबणाऱ्याने काय करावे, हे मात्र सांगू शकते, कारण एकदा हडपसरच्या पुढे एका गृहस्थांनी ते अचूक केले होते. त्यांनी गाडी माझ्यापासून बरीच पुढे, दिव्याखाली लावली. जवळ आले नाहीत. तिथूनच मोठ्याने म्हणाले, 'ताई, पंक्चरवाल्याचा नंबर सांगतो, तुम्हीच फोन करा. तो येईपर्यंत मी इथे पुढे उभा आहे.' माझा नंबर मागितला नाही, कुठे राहता असे विचारले नाही. पंक्चरवाला त्याच्या मुलाला घेऊन आला, तेव्हा ते निघून गेले. मदत करताना अंतर राखणे हीही मदतच असते, हे आपल्याकडच्या पुरुषांना फार कमी वेळा सांगितले जाते.

न्यायकारण

अपघाताच्या प्रसंगी लोक 'पोलिसांचे लचांड नको' म्हणून पुढे होत नाहीत, ते येथे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आले. सद्भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर, त्या मदतीत काही कमी-जास्त झाले म्हणून दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव, पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही, हे आपण ठरवावे. जखमीला रुग्णालयात पोहोचवून आपण निघून जाऊ शकता. रुग्णालय आपल्याला अडवू शकत नाही किंवा आपल्याकडे खर्च मागू शकत नाही.

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसह सर्व आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. आपल्याकडे पहिली धाव पाण्याच्या बाटलीकडेच असते. मान किंवा पाठ दुखावल्याची शंका असेल आणि त्या जागी आणखी धोका नसेल, तर जखमीला हलवू नये. आणि गर्दी जमली असेल, तर 'कोणीतरी फोन करा' असे ओरडू नये. एका माणसाकडे बोट दाखवून 'निळा शर्ट, तुम्ही १०८ला लावा' असे म्हणावे. सगळ्यांना सांगितलेले काम कोणाचेच नसते.

नानापेठ

आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात मुक्कामाला असते. त्या दिवसांत आमच्या भागात मदत करणाऱ्यांचीच गर्दी इतकी होते, की केळी आणि बिस्किटे वारकऱ्यांना नकोशी होतात. प्रत्येकाला आपल्या हाताने काहीतरी द्यायचे असते आणि बहुतेकांना तेच सुचते. त्याच वेळी आमच्या चौकात चपला दुरुस्त करणारे काका पोते पसरून बसतात, 'माऊली, पाय पुढे करा' म्हणतात, अंगठा तुटलेल्या चपलेत दाभण घालून दोन टाके मारतात आणि पुढच्याची चप्पल घेतात. तिथली रांग केळ्यांच्या टेबलापेक्षा लांब असते.

यंदा काही द्यायचे ठरवत असाल, तर अंघोळीला जागा, स्वच्छ शौचालय, मोबाइल चार्जिंग, पायाच्या फोडांवर मलमपट्टी आणि डोक्यावर घ्यायला प्लास्टिकचा कागद यांचा विचार करावा. दिवे घाट चढताना पाऊस आला, तर तो कागद केळ्यापेक्षा उपयोगी पडतो. सोसायटीने तळमजल्यावरचे स्नानगृह दोन दिवस उघडे ठेवले, तर खर्च पाण्याचा तेवढा होतो. मात्र त्यासाठी सभेत हात वर करावा लागतो, आणि तिथे केळी वाटणारे बरेच जण गप्प बसतात.

तिरकस

मुठाकाठ यांनी विचार करायला सांगितले होते, तो केला. आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर उन्हाळ्यात रांजण ठेवावा, असा प्रस्ताव मी मांडला आहे, कारण डबे आणि पार्सले पोहोचवणारी मुले उन्हात तिथेच ताटकळत असतात. सभेतील आक्षेप जसेच्या तसे देतो: उद्या इथे लोक बसू लागतील; पेला कोणी पळवील; पाणी रोज कोण बदलणार. पहिल्या आक्षेपावर मी 'बसू द्यावे' असे म्हणालो, त्यावर शांतता झाली. पेला साखळीने बांधायचा नाही, असे ठरले. गेला तर नवा आणायचा. पेला आत बुडवला जाऊ नये म्हणून खाली तोटी असलेला रांजण घ्यायचा आहे. पाणी बदलण्याचे काम पहारेकऱ्यांवर न ढकलता, मजल्यानुसार आम्हीच करायचे आहे आणि दर रविवारी रांजण आतून घासायचा आहे. पहिला आठवडा तळमजल्याचा, म्हणजे माझा. तोटी असलेला मातीचा रांजण कुंभारवाड्यात मिळतो असे ऐकले आहे. कोणी अलीकडे घेतला असल्यास केवढ्याला पडला आणि तोटी गळते का, हे कळवावे.